ईश्वराअण्णा आणि चोवीस पेवं

भर उन्हात, दुपारी बारा वाजता, पेटता कंदील हातात धरून बँकेत शिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव ईश्वरा मुकादम. तोंडावर सगळे त्याला ईश्वराअण्णा म्हणत, पाठीमागं नुसतं ‘कंदील’.

बँकेच्या दारात तो थांबला. कंदील धरलेला हात आत घातला, गुडघ्याइतका खाली सोडला आणि ज्योतीकडं बघत उभा राहिला. मागं सात-आठ माणसं अडकली. पहारेकऱ्यानं विचारलं, “काय ओ मामा, दिवाळी आली का?”

“थांब रं गड्या. वात काय म्हनती बघू दे.”

वातीनं होकार दिला असावा. मिनिटभरानं अण्णा आत गेला, दाराजवळच्या बाकावर टेकला आणि काम होईपर्यंत दारावरची नजर हलवली नाही. कुणी ते दार लोटायला गेलं की हा अर्धा उठायचा.

मी त्याच्याबरोबर होतो. सांगलीत हळदीच्या एका अडतीवर मी कारकून होतो आणि हमालांची खाती उघडून द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी माण तालुक्यातला. वडील दुसऱ्याची मेंढरं राखायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला आणि बी.कॉम. झालेला वाडीतही पहिलाच. हे मी न विचारता सांगतो, तेव्हाही सांगत होतो. म्हणून अण्णानं माझं नावच ‘बीकॉम’ ठेवलं. “आवं बीकॉम, जरा सरका, वारं अडतंय.”

वारं अडणं हा त्याच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा गुन्हा. मला आजवर भेटलेल्या माणसांत त्याच्याइतका भित्रा माणूस दुसरा नाही, आणि ते तो लपवायचाही नाही. एस.टी.त खिडकी उघडत नसेल तर तो खाली उतरून पुढच्या गाडीची वाट बघायचा. एसटीडी बूथच्या काचेच्या खोलीत शिरायचाच नाही. दारात उभा राहून रिसीव्हर ताणून घ्यायचा आणि त्याचं सगळं खासगी बोलणं रस्त्यावर ऐकू जायचं. जेवणाचा डबा उघडला की झाकण बाजूला ठेवून थोडा वेळ थांबायचा.

“अण्णा, आमटी आहे ती.”

“आमटी हाय खरं. पर सकाळधरनं कोंडलीया.”

माझं लग्न ठरत होतं तेव्हा त्यानं मला बाजूला घेऊन सल्ला दिला, “पोरगी बघायला गेला की पयल्यांदा खिडक्या मोजा. दोनाच्या खाली असल्या तर चा बी पिऊ नगा.” मी खरंच मोजल्या. सवयच लागली होती.

आणि कुणी ‘चला, आटपा’ म्हणालं की त्याचा एकच सवाल ठरलेला. “घाई कुणाची हाय?” हा सवाल तो भांडायला विचारायचा नाही. खरंच माहिती पाहिजे असल्यासारखा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून विचारायचा. उत्तर मिळेपर्यंत हलायचा नाही. बहुतेकांना उत्तर सापडायचं नाही.

असा माणूस पोटासाठी काय करत होता? जमिनीखाली उतरत होता.

सांगलीशेजारी हरिपूरला कृष्णेच्या काठानं हळद साठवायची पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेला मोठा रांजणच म्हणा. वर तोंड एक माणूस कसाबसा जाईल एवढं, खाली मात्र खोलीएवढी पोकळी. त्यात हळद मोकळी ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि वर माती लिंपायची. त्या मातीचा गुण असा, की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. पण कीड ज्यात जगत नाही त्यात माणूस तरी कसा जगणार? आतली हवा कोंडून मरून गेलेली असते. पेव फोडलं की आधी वारं खेळू द्यायचं, मग कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. ती हवा डोळ्यांना दिसत नाही. खाली गेलेला माणूस ओरडतही नाही, नुसता बसतो. त्याला बघायला दुसरा उतरतो आणि तोही बसतो.

हे मी पहिल्या दिवशी ऐकलं आणि त्यानंतर पेवाच्या तोंडापासून चार हात लांब बसून वहीत पोत्यांच्या रेघा ओढू लागलो. अण्णा म्हणाला, “बीकॉम हुशार हाय.”

उतरायचा दोर अण्णा स्वतः वळायचा. बाजारातल्या दोरावर त्याचा विश्वास नव्हता. चिंचेपासून आवाराच्या फाटकापर्यंत अंबाडीचा एक बारीक पदर ताणायचा, तो मधोमध दुमडून पीळ द्यायचा, पुन्हा दुमडायचा, पुन्हा पीळ. “येकाचं दोन, दोनाचं चार, चाराचं आठ, आठाचं सोळा,” असं पुटपुटत. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं, सही म्हणजे अंगठा. पण दुपटीवर त्याचा हात चांगलाच बसला होता. मला म्हणायचा, “हितनं फाटकापातुर व्हता न्हवं? पाच घड्या घातल्या आन् बघा, काखंत बसला. लोकांला पयल्या दोन घड्यांचं काय वाटत न्हाई बगा.”

मी मान डोलावली. मलाही काही वाटलं नाही.

एका वर्षी हळदीला तेजी आली. आमचे मालक सकाळी बाजारातून आले ते हातवारे करतच. दर चढत होता आणि तो किती दिवस चढेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मालकांच्या आवारात चोवीस पेवं होती. वरच्या अंगाला बारा आणि खाली नदीकडं बारा. सगळी हळद बाहेर काढायची होती. त्यांनी अण्णाला त्याच्या टोळीसकट अडतीवर बोलावलं. अण्णानं दारातून कंदील आत घातला, वातीचं ऐकलं आणि उंबऱ्यावर बसला.

“ईश्वरा, आठ दिवस. चोवीस पेवं. रोज तीन,” मालक म्हणाले. “टोळीची हजेरी रोजच्यासारखी. पेवात पहिलं उतरायचे पैसे वेगळे, उक्ते. पाच हजार. नववा दिवस लागला तर निम्मे.”

उक्तं म्हणजे किती वेळ लागला, काय झालं, हे बघायचं नाही. ठरली ती रक्कम. त्या काळात पाच हजार मोठे होते. माझा पगार नऊशे होता. टोळीतले गडी एकमेकांकडं बघायला लागले. मी खूश झालो होतो, अण्णा मात्र नाही. त्यानं दारावर हात टेकला.

“मालक, खालची वळ वली हाय. ती पेवं दोन-दोन दिस उघडी ठेवाय पायजेत.”

“दोन दिवसांत दर खाली येईल. तू मुकादम आहेस का म्हातारी बाई?”

गडी हसले. मीही हसलो. सांगून टाकलेलं बरं.

अण्णा बराच वेळ कंदिलाची काच धोतराच्या सोग्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, “पाच हजार लय झालं, मालक. मला येक रुपाया द्या.”

मालकांना वाटलं, त्याला राग आलाय.

“न्हाई, न्हाई. पयल्या पेवाला येक रुपाया. दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार, चवथ्याला आठ. मागल्याच्या डबल. तसं चोवीसपातुर.”

“हे कसलं खूळ?”

“आवं, भ्या बी तसंच वाडतंय मालक. पयल्या पेवाला रुपायाचंच भ्या वाटतंय. दुसऱ्यात उतरताना दोनाचं. ज्येवडं भ्या, त्येवडंच पैसं. उक्त्यात भ्याचा हिशेबच न्हाई.”

मालक एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. रुपया, दोन रुपये, चार रुपये! अण्णानं आणखी दोन अटी घातल्या. पेवं कुठल्या क्रमानं फोडायची ते मुकादम सांगेल. आणि या हंगामात या आवारातल्या पेवात कुणीही उतरलं, कुठलीही टोळी आली, तरी दर हाच. मालक म्हणाले, “घे बाबा. लिही रे ह्याचं.”

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. समास सोडून, अटींना आकडे घालून सुबक करारपत्र केलं. मालकांनी सही केली, अण्णानं अंगठा उठवला. तेवढ्यावर अण्णाचं समाधान झालं नाही. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून पुढं धरला. आमच्या बाजारात हळदीचा दर तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबून ठरवत, आणि रुमालाखाली दिलेला दर फिरवणारा व्यापारी बाजारातून उठतो. मालकांनी हसत हसत टॉवेलाखाली हात घातला. बाहेर आला तेव्हा हळदीनं पिवळा झाला होता.

पहिल्या दिवशी वरच्या अंगाची तीन पेवं फुटली. एक, दोन आणि चार, सात रुपये. मालकांनी स्वतःच्या हातानं दिले आणि वर सगळ्यांना चहा पाजला. चहाचं बिल अकरा रुपये झालं. दुसऱ्या दिवशी आठ, सोळा, बत्तीस. छप्पन्न रुपये. मालक बाजारात सांगत सुटले, “आमचा कंदील भीतीचे पैसे घेतो. कालची भीती छप्पन्न रुपयांची झाली.”

अण्णा प्रत्येक पेवाला कंदील सोडायचा, थांबायचा, पुटपुटायचा आणि थरथरत पहिला उतरायचा. खरंच थरथरत. दोराला ते जाणवायचं. गडी चेष्टा करायचे. “अण्णा, आजचं भ्या किती झालं?” तो आतून उत्तर द्यायचा, “बत्तीस. दोर धरा नीट.”

तिसऱ्या दिवशी चौसष्ट, एकशे अठ्ठावीस आणि दोनशे छप्पन्न. मी वहीत बेरीज केली, चारशे अठ्ठेचाळीस, आणि तिथं माझा हात थांबला. नऊ पेवं झाली होती. पंधरा उरली होती. मी बँकेच्या चलनाच्या मागच्या बाजूला पुढचे आकडे मांडायला लागलो.

चोविसाव्या पेवाचे एकट्याचे त्र्याऐंशी लाख अठ्ठ्याऐंशी हजार सहाशे आठ. सगळ्या चोविसांची बेरीज एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर.

मी पुन्हा केली. तेवढीच आली. आवार, अडत, मालकांची गाडी, मालकांचा बंगला, सगळं विकलं तरी एवढं निघालं नसतं. आणि कागद लिहिला कुणी? बी.कॉम.नं. चक्रवाढ व्याजाच्या गणितात मला पैकीच्या पैकी मार्क होते, पण परीक्षेत कधी कुणी कंदील घेऊन बसलेला नव्हता. ‘एक रुपया’ असा शब्द ऐकला आणि माझ्यातला पदवीधर झोपी गेला.

मालकांना लगेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. नऊशेतले चारशे मी घरी पाठवायचो. त्यावर धाकटी बहीण शिकत होती. कामावरून काढलं तर वडिलांना काय सांगणार, की गणित चुकलं? मी चलन घडी घालून खिशात ठेवलं आणि उरलेला दिवस अण्णाकडं बघत काढला. मला तो आता निराळाच दिसायला लागला. भित्रा, भाबडा म्हणून सगळे ज्याची चेष्टा करत होते, त्यानं मालकाचा गळा धरला होता आणि मालक हसत चहा पाजत होते.

चौथ्या दिवशी चहाला बापू शेजारी बसला. बापू म्हणजे टोळीतला जुना हमाल. मी सहज म्हटल्यासारखं विचारलं, “अण्णानं वरची पेवं आधी का घेतली?”

“खालची वळ वंगाळ हाय,” बापू म्हणाला. “नदीचं पानी झिरपतंय, हळद आतल्या आत सडती, हवा मरती. त्यातलं चिंचंखालचं कोपऱ्यातलं तर लय वंगाळ. म्हादू त्यातच गेला.”

“कोण म्हादू?”

“अण्णाचा जोडीदार. थोरलं मालक व्हतं तवाची गोष्ट. येकानं दोर धरायचा, येकानं उतरायचं, आसं दोघं धा वर्सं. दोघांत येक ताट व्हतं म्हना. म्हादू गेला आन् तवापास्नं ह्येचा कंदील इझलेला कुनी बघितला न्हाई. लगीन बी न्हाई केलं. कोन दील पोरगी कंदिलाला?” बापूनं कपबशी विसळली. “आपन काय बोलायचं न्हाई त्याच्यासमोर.”

त्या दिवशीचे पाचशे बारा, एक हजार चोवीस, दोन हजार अठ्ठेचाळीस. मालकांनी तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी मोजून दिले, आता जरा कमी हसत, आणि मला म्हणाले, “अर्धी पेवं झाली. एकूण किती गेले?”

“चार हजार पंच्याण्णव.”

“बघ. अजून पाच हजाराच्या आतच आहोत.”

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेरावं पेव फुटणार होतं आणि त्याचे एकट्याचेच चार हजार शहाण्णव होते. मी खिशातलं चलन काढून त्यांच्यापुढं ठेवलं.

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. एकदा केलं. मग पुसून पुन्हा केलं. मग कॅल्क्युलेटर बिघडलाय म्हणून शेजारच्या अडतीवरचा आणायला लावला. त्याच्यावरही तेच. मालक खुर्चीत मागं टेकले.

“तू लिहिलंस हे?”

“होय.”

“तू बी.कॉम. ना रे?”

“होय. सेकंड क्लास.”

दुसरी टोळी आणता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी अट क्रमांक तीन वाचून दाखवली. माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात. त्यांनी कागद हातात घेतला, फाडायच्या बेतात धरला आणि स्वतःच्या उजव्या तळहाताकडं बघितलं. कागद फाडता आला असता. टॉवेलाखालचा हात कसा फाडणार?

पाचव्या दिवशी सकाळी मालक स्वतः पेवावर आले. अण्णा खालच्या ओळीच्या कडेला, तेराव्या पेवाच्या बंद फरशीवर बसला होता, कंदील शेजारी. गडी लांब उभे होते. मी मालकांच्या मागं.

“ईश्वरा, माझं घर लिहून देऊ का तुला?”

“तुमचं घर घिऊन मी काय करू? त्याला खिडक्या कमी हायत.”

“चेष्टा करू नकोस. तुझा हिशेब ह्या पोरानं दाखवला मला. तुला काय हवंय? दहा हजार घे. पंधरा घे. उक्ते.”

“उक्तं नगं.”

“मग काय पाहिजे?”

अण्णा उभा राहिला. मालकांसमोर उभं राहून बोलायचीही त्याला भीती वाटत होती.

“दोन दिस पायजेत, मालक. ह्या बाराच्या बारा पेवांची त्वांडं आज फोडायची, मोठी करायची. दोन दिस वारं खेळू द्यायचं. मग बी रोज दोनच. आन् वात बोलंल तवाच मानूस आत जाईल. न्हाई बोलली तर तिसरा दिस, चवथा दिस.”

“दर पडला तर?”

“पडंल की.” अण्णा पुन्हा फरशीवर बसला. “न्हाईतर हे बगा तेरावं. चार हजार शहान्नव. फोडू?”

मालक नदीकडं वळले. समोर नदी वाहत होती आणि तिला काहीच घाई नव्हती. मग त्यांनी मला खूण केली. मी जुन्या करारावर रेघ मारून नवा लिहिला. खालच्या ओळीचं उतरणं हजेरीतच धरायचं, वेगळे पैसे नाहीत. दोन दिवस उघडी पेवं. रोज दोन. या खेपेला मी प्रत्येक शब्द तीनदा वाचला. टॉवेलाखाली पुन्हा हात गेले.

मालक गेल्यावर मी अण्णाजवळ जाऊन बसलो. मला राग आला होता. दोन रात्री माझी झोप गेली होती, ती काय फुकट?

“अण्णा, कोटीचा हिशेब सोडून दिलात?”

“कोट कुटं ठिवू? बँकंत? तितं वारंच न्हाई.”

“मग सुरुवातीलाच दोन दिवस मागायचे होते.”

“मागितलं की तुमच्याम्होरंच. तुमी बी हासला.” त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. “धा वर्सं मागतोय, बीकॉम. मानूस मरंल म्हनलं की भित्रा म्हनत्यात. पैसं जातील म्हनलं की बसून हिशेब करत्यात. मला म्हाईत व्हतं तुमी कवातरी बेरीज करशीला. जरा उशीरच झाला. मला वाटलं, बीकॉम मानूस हाय, दुसऱ्याच दिशी करंल.”

मी नव्या कराराचा कागद घडी घालून वहीत ठेवला.

दोन दिवस बारा पेवं आ वासून पडली होती. कुणाला त्यांच्या बाजूला फिरकवत नव्हतं. सडक्या हळदीचा कडवट वास आवारभर साचला. तिसऱ्या दिवसापासून कंदील सुटायला लागला. नदीकडच्या पहिल्या पेवात ज्योत थरथरली, पण टिकली. पुढच्या तीन-चारांतही टिकली. एकात विझली. दोन दिवस उघडं होतं तरी विझली, चिमटीत धरून कुणी वात दाबावी तशी. सगळे गडी ते बघत होते. कुणी हसलं नाही. बापू मोठ्यानं म्हणाला, “परवाच उतरलो असतो आपन हितं.” ते पेव आणखी एक दिवस उघडं ठेवलं. दर थोडा पडला. मालक रोज येऊन लांबून बघून जात.

सगळ्यात शेवटी उरलं चिंचेखालचं, कोपऱ्यातलं. चोविसावं. त्यात पाच दिवस कंदील विझत राहिला. सहाव्या दिवशी दुपारी ज्योत सरळ उभी राहिली. अण्णानं कंदील वर घेतला, पुन्हा सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. चार वेळा. मग दोर कमरेला बांधला आणि म्हणाला, “दोर बीकॉम धरंल. मागं बापू.”

मी म्हणालो, “मी? अण्णा, मला सवय नाही.”

“तुमाला भ्या वाटतं न्हवं? मग तुमीच धरा. सोडनार न्हाई.”

पेवाच्या तोंडापासून चार हातांचा माझा नियम त्या दिवशी मोडला. मी कडेला पाय रोवून दोर धरला. तो खाली गेला. आधी डोकं दिसेनासं झालं, मग कंदिलाचा उजेड नुसता पिवळा डाग राहिला. ठरलेलं असं, की पाय टेकले की त्यानं दोराला एक हिसका द्यायचा. हिसका आला. पुढं काहीच नाही. हळद भरायची पाटी खाली सोडायला गडी थांबले होते, पण खालून हाक येईना. मी वाकून बघितलं. डाग होता तिथंच होता. “अण्णा,” मी हाक मारली. उत्तर नाही. माझ्या तळहातातून दोर घामानं सरकायला लागला. मी दुसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि मला खालून आवाज ऐकू आला. तो बोलत होता. हळू, जेवताना शेजारच्याशी बोलावं तसं. एकही शब्द मला कळला नाही. मधेच तो थांबायचा, समोरच्याला बोलू द्यावं तसा, आणि मग पुन्हा बोलायचा.

मी बापूकडं बघितलं. बापूनं माझ्यामागं दोर आणखी घट्ट धरला आणि दुसरीकडं बघितलं.

मग खालून नेहमीचा आवाज आला, “सोडा पाटी. घाई कुनाची हाय?”

संध्याकाळी हंगामाचा शेवटचा हिशेब होता. मालक अडतीवर बसले होते, मी वही घेऊन. टोळीची हजेरी वाटून झाली, गडी गेले. अण्णा उंबऱ्यावरच बसून राहिला.

“अजून काय ईश्वरा?” मालक म्हणाले.

“चोविसाव्याचं दोन रुपाय पायजेत. येगळं.”

“वेगळे पैसे नाहीत असं ठरलंय ना? आणि दोनच कसले?”

“येक माजा. येक जोडीदाराचा. दोघांत उतरायची रीत हाय.” तो कंदिलाकडं बघत बोलत होता. “त्याचा त्या वर्साचा ऱ्हायलाय. उक्तं व्हतं. आठ पेवं झाली आन् कंदिलातलं त्याल संपलं. त्याल आनाय गावात जायाचं म्हंजी अर्दा घंटा. तो म्हनला, जाऊन आनतो. मी म्हनलो, ऱ्हाऊ दे, येकच तर ऱ्हायलंय.”

तो थांबला.

“घाई माजी व्हती, बीकॉम.”

मी मालकांकडं बघितलं नाही, परवानगी मागितली नाही. वहीत दोन ओळी आखल्या. पहिलीत लिहिलं, ईश्वरा मुकादम, चोविसावं पेव, रुपया एक. खालच्या ओळीत लिहिलं, म्हादू, चोविसावं पेव, रुपया एक. वही मालकांपुढं सरकवली. त्यांनी चष्मा लावला. पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, आणि दुसरीवर बराच वेळ थांबले. मग दोन्हींपुढं सही केली आणि गल्ल्यातून दोन नाणी काढून उंबऱ्यावर ठेवली.

मी शाईचा पॅड उघडून पुढं केला. अण्णानं रोजच्यासारखा डावा अंगठा शाईवर टेकवून स्वतःच्या नावापुढं उठवला. मग त्यानं तो धोतराला पुसला, उजवा हात पुढं केला आणि उजवा अंगठा म्हादूच्या नावापुढं हळूच, अजिबात घाई न करता, दाबून धरला.